शॉकअप बदलायचे, पण कुठले?

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये भाव बोलला जातो तो २० किलोच्या क्रेटवर. ७० क्रेट हौद्यात चढले की १,४०० किलो माल झाला, क्रेटचं स्वतःचं वजन वेगळं. संध्याकाळी गाडी भरायची, आळेफाट्यावरून ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत उजाडायच्या आत वाशी गाठायची आणि दुपारपर्यंत रिकामी क्रेट खडखडवत घरी यायचं. जाताना पिकअप पोट भरलेल्या म्हशीसारखी डुलते, येताना तीच करडासारखी उड्या मारते. आणि दोन्ही वेळेला खाली शॉकअप तेच. कारवाल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या गाडीत चार माणसं बसली काय आणि एक बसला काय, फरक दोन-अडीचशे किलोंचा. आपल्या गाडीत तो दीड टनाचा.

म्हणून दुकानात जाऊन ‘चांगल्यातले दाखवा’ असं म्हणू नका. दुकानदार चांगल्यातले म्हणजे महागातले किंवा कडकातले दाखवतो, आणि यातलं काहीच तुमच्या गाडीसाठी चांगलं असेल असं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शॉकअप वजन उचलत नाही. वजन उचलतात पाटे. (पुढे कॉइल स्प्रिंग असलेली गाडी असेल तर पुढचं वजन ती स्प्रिंग उचलते.) सपाट जागेवर उभ्या पिकअपचे चारही शॉकअप काढून बाजूला ठेवलेत तरी गाडी खाली बसणार नाही. फार तर गॅसचे शॉकअप असतील तर केसभर फरक पडेल. शॉकअपचं काम वेगळंच आहे. खड्ड्यात दबलेला पाटा परत उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी मारायचं काम शॉकअप करतो. आत तेल असतं, तेलात पिस्टन फिरतो, पिस्टनला बारीक झडपा असतात. त्या झडपांतून तेल दाबाने जाताना तापतं आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. दाबताना कमी आणि उलगडताना जास्त अडवायचं, अशी बहुतेक शॉकअपची घडण असते, कारण दबणं थोपवायला पाटा आहेच, पाट्याला आवरणारं मात्र दुसरं कुणी नाही.

हे नीट डोक्यात बसलं नव्हतं तेव्हा मी पैसे घालवले. गाडी भरली की मागून फार बसायची. पाटेवाल्याकडे जाऊन मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी उभी राहिली, दिसायलाही रुबाबदार. मग एका दुकानातून ‘हेवी ड्युटी’ लिहिलेले, जाड दिसणारे, लालभडक शॉकअप आणून टाकले. तीन आठवड्यांत मागून टक्-टक् आवाज सुरू झाला, तोही गाडी रिकामी असतानाच. भरल्यावर बंद. पुढे एका बाजूचा खालचा बुश फाटला आणि चेसीवरच्या ब्रॅकेटला केसासारखी चीर गेली. मिस्त्री गाडीखाली गेले आणि त्यांनी मला हाक मारून नुसतं बोट दाखवलं. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी होती आणि शॉकअपचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर ओढला गेला होता. अजून दोन बोटं बाहेर येईल एवढीच जागा. पाटा वाढवल्याने चेसी एक्सलपासून वर गेली होती, शॉकअप मात्र मूळ लांबीचाच होता. रिकाम्या गाडीचं चाक प्रत्येक खड्ड्यात खाली गेलं की एक्सलचा सगळा हिसका त्या एका बोल्टवर बसत होता. म्हणजे शॉकअपची मी साखळी करून टाकली होती.

गाडी बसते म्हणून कडक शॉकअप टाकणं हे दुखऱ्या गुडघ्यासाठी चष्मा बदलण्यासारखं आहे. बसत असेल तर पाटे बघा: मेन पाट्याची कमान सरळ झाली आहे का, कुठला पाटा तुटला आहे का, सेंटर बोल्ट कापला गेला आहे का, शॅकलचे बुश संपले आहेत का. आणि हेही बघा की आपण भरतो किती. पाटा वाढवला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. तेवढ्यात चांगल्या शॉकअपची जोडी येऊन वर डिझेलही निघतं.

आता शॉकअप खरंच गेले आहेत का, ते कसं ओळखायचं? बोनेट किंवा हौदा दाबून गाडी किती वेळा डुलते ते मोजायची जुनी युक्ती पाट्याच्या गाडीवर फारशी चालत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेच रिकामी गाडी पटकन थांबते आणि मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा टायर बघा. हाताचा तळवा टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा. ठरावीक अंतरावर खोलगट, पुन्हा उंच, पुन्हा खोलगट असं लागलं तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं आहे. (व्हील बॅलन्सिंग आणि बेअरिंगही एकदा बघून घ्या, तेही असंच टायर खातात.) दांड्याच्या सीलपाशी तेलाचा हलका ओलसरपणा असेल आणि त्यावर धूळ बसली असेल तर घाबरायचं कारण नाही. नळकांडं खालपर्यंत ओलं असेल, थेंब जमत असेल तर तो गेला.

माझी सगळ्यात भरवशाची खूण मात्र वेगळी आहे. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्याने गाडी चालवा, उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला उटी लावा आणि लगेच चारही शॉकअपजवळ हात न्या. एकदम पकडू नका, तापलेलं नळकांडं चटका देतं, आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. एकाच एक्सलवरचे दोन्ही साधारण सारखे कोमट-गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर गार असलेला काम करत नाही. उसळी जिरली असती तर तो तापला असता. तापमान मोजायची बंदूक असेल तर आकडाच मिळतो. कोविडच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक घरात पडली असेल, पण ती इथे उपयोगाची नाही. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते.

शॉकअप काढल्यावर हातानेही कळतं. उभा धरून दांडा सावकाश दाबा आणि ओढा. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच एखादा मोकळा टप्पा आला, जिथे हात एकदम निसटल्यासारखा जातो, तर आत तेल कमी आहे किंवा झडप गेली आहे. काही कंपन्या ८०,००० किलोमीटरला बदला असं सांगतात. डांबरी हायवेवर चालणाऱ्यासाठी ते ठीक आहे. शेतातून, खडीच्या रस्त्यावरून, ऊसतोडीच्या फडातून चालणाऱ्या गाडीने त्या आकड्यावर विसंबून राहू नये.

बदलायचे ठरले की दुकानात जायच्या आधी फूटपट्टी काढा. इथे घाई केली की माझ्यासारखं होतं. गाडी रिकामी उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत अंतर मोजून लिहून ठेवा. नेहमीचा माल भरल्यावर तेच अंतर पुन्हा मोजा. मग चेसी जॅकने उचलून, खाली घोडी लावून, एक्सल मोकळा लोंबू द्या. जुना शॉकअपच आखूड असेल तर एक्सल त्याच्यावरच अडकतो, म्हणून आधी त्याचा खालचा बोल्ट काढा. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना हे बघत हे अंतर घ्या. नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर या अंतरापेक्षा थोडा लांब हवा, म्हणजे एक्सल पाट्यावर लोंबेल, शॉकअपवर नाही. उलट बाजूला, एक्सल वर जाऊन चेसीखालच्या रबरी स्टॉपरला टेकतो तेव्हा शॉकअपच्या दांड्याला अजून वाव उरला पाहिजे. मी दोन सेंटिमीटर तरी सोडतो. स्टॉपरच्या आधी शॉकअप आत टेकला तर आतली खालची झडप किंवा वरचं ब्रॅकेट, दोन्हींपैकी एक जाणार. स्टॉपरचं रबरच गळून पडलं असेल तर ते आधी बसवा. शॉकअपच्या मानाने ते अगदी किरकोळ किमतीत येतं.

पाटे वाढवले नसतील, गाडी मूळ उंचीवर असेल, तर एवढी उठाठेव नको. आरसीवरचा सतरा अक्षरी चेसी नंबर घेऊन जा आणि त्यावरून पार्ट नंबर काढायला सांगा. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. बोलेरो पिकअपच घ्या. त्यात १.३ टन, १.५ टन, १.७ टन असे प्रकार आले, पुढे डिझेलबरोबर सीएनजीही आली. डिझेल इंजिनाचं वजन नाकावर असतं, सीएनजीच्या टाक्यांचं भलतीकडे. टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त, इसुझु डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स यांच्या तर पुढच्या बांधणीतच फरक आहे. डी-मॅक्स आणि हायलक्सला पुढे कॉइल स्प्रिंगच्या आतच शॉकअप असतो. तो बदलताना दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागते आणि ती सुटली तर माणसाचा जबडा फोडते. पाट्याच्या गाडीचे शॉकअप घरच्या घरी बदला, हे काम मात्र साधनं असलेल्या गॅरेजमध्येच करा.

आता प्रकार. बाजारात मुख्य दोन घडणी आहेत. पहिली दोन नळ्यांची: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल, वर हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. कंपनीतून गाडीबरोबर येतात ते बहुधा हेच. स्वस्त असतात, नरम चालतात आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी आतला पिस्टन बिनघोर फिरतो. दोष एकच. खराब रस्त्यावर बराच वेळ पळवलं की तेल तापतं, हवेत घुसळून फेसाळतं, आणि फेसाला अडवता येत नाही. साध्या हवेच्या शॉकअपमध्ये हे लवकर होतं, गॅस भरलेल्यात उशिरा.

दुसरी एका नळीची. यात तेल आणि गॅसच्या मध्ये सरकता पिस्टन असतो, गॅस २० ते ३० बार दाबाने भरलेला. आपल्या मागच्या टायरमध्ये साधारण चार-पाच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. तेल फेसाळायला जागाच नाही, आणि एकच भिंत असल्याने उष्णता लगेच बाहेर पडते. फ्रान्सच्या दि कार्बों यांची ही कल्पना जर्मनीच्या बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांवर आणली. पण ह्या नळीला मोठा पोचा आला की पिस्टन तिथेच अडतो, आणि किंमतही जास्त. शेताच्या बांधावरचे दगड खालून उडणाऱ्या गाडीला हे मी सुचवणार नाही. डी-मॅक्स घेऊन लडाख-स्पिती करणाऱ्याला मात्र जरूर सुचवीन.

माझं मत विचाराल तर रोज मालाची फेरी करणाऱ्या पिकअपला दोन नळ्यांचे, गॅसचे, कंपनीच्या मूळ ताकदीचे किंवा त्याहून एक पायरीच वरचे शॉकअप घ्या. तेही ज्या पुरवठादाराचा माल गाडीच्या कारखान्यात जातो त्याचेच घेतले तर उत्तम. आपल्याकडे तो फार लांब शोधावा लागत नाही. १९६१ पासून शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया पुणे-नाशिक हायवेलाच, चाकणजवळ कुरुळीत आहे. नारायणगावहून पुण्याला जाताना तिच्यावरूनच जातो आपण. जुन्या शॉकअपवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, माती खरवडून वाचा. शोरूमच्या खोक्यातला आणि त्या बनवणाऱ्याच्या खोक्यातला माल पुष्कळदा एकाच ताकदीचा असतो, किमतीत फरक पडतो. पुष्कळदा म्हटलं, नेहमी नाही. म्हणून पार्ट नंबर जुळवायचाच.

फार कडक का नको? कारण गाडी अर्धा रस्ता रिकामी चालते. भरल्या वजनाला जमणारा शॉकअप रिकाम्या गाडीला इतका ताठ पडतो की मागचं चाक खडीवर नाचायला लागतं आणि ओल्या घाटात ब्रेक दाबला की शेपूट फिरते. शिवाय माल. कडक शॉकअपवर आलेल्या टोमॅटोचं खालचं क्रेट उघडून बघा, तळाला रस असतो. आमच्या एका फेरीत खालच्या थराच्या क्रेटना वाशीत हात लावायला कुणी तयार नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्या गावोगावचे गतिरोधक बांधणाऱ्यांनी ते माप कधी पाहिलेलं नसावं. ते रुंदीला हातभर आणि उंचीला गुडघ्याशी स्पर्धा करणारे असतात. अशा रस्त्यावर शॉकअप थोडा नरम असलेला परवडतो.

बटण फिरवून कडक-नरम करता येणारेही मिळतात. म्हैस आणि करडू दोघांनाही जमणारं हे उत्तर वाटतं, आणि आहेही, पण वाशीहून निघताना पहाटे चार वाजता गाडीखाली वाकून चार बटणं फिरवणारा चालक मला अजून भेटायचाय. शॉकअपभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेले ‘लोड’वाले शॉकअप घेऊ नका. ते खरंच वजन उचलतात, पण ते वजन शॉकअपच्या ब्रॅकेटवर टाकतात, आणि ते ब्रॅकेट त्यासाठी बनवलेलंच नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. भंगारातला शॉकअप धुऊन, बाजूला भोक पाडून, कुठलंतरी तेल भरून, भोकावर ब्रेझिंग करून काळा रंग मारला की ‘रिपेअर’ शॉकअप तयार होतो. रंगाखाली नाण्याएवढा उंचवटा बोटाला लागतो. दांडा बघा: नव्याचा आरशासारखा, यावर बारीक उभे ओरखडे. बिल देत नसेल, खोक्यावर एमआरपी आणि पार्ट नंबर नसेल तर तिथून निघा.

घ्यायचे ते जोडीने, एका एक्सलचे दोन्ही. एक नवा, एक जुना ठेवला की गाडी वळणावर एका बाजूला झुकते.

बसवताना दोन-तीन गोष्टी मिस्त्रीच्या बाजूला उभं राहून करून घ्या. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे हवा आतल्या नळीत शिरलेली असते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा, मगच बसवायचा. आणि उलटा कधीच बसवायचा नाही. दांड्याला पकड लावू द्यायची नाही, एका ओरखड्याने सील चिरतं. काही गाड्यांना मागचा एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि एक मागे कललेला असतो, तो तसाच ठेवायचा. एक्सलचा पीळ आवरायला तो तसा दिलेला आहे. आणि शॉकअपच्या टोकाच्या डोळ्यातले बोल्ट गाडी हवेत असताना नुसते हातघट्ट. शेवटचा आवळ गाडी चाकांवर उतरवून, म्हणजे रबरी बुश गाडीच्या नेहमीच्या उंचीला सरळ राहतो. हवेत आवळला तर गाडी खाली येताच बुशला पीळ बसतो आणि तो तसाच पिळलेला चालून महिन्या-दोन महिन्यांत फाटतो. मिस्त्री म्हणतील, आम्ही वीस वर्षं असंच करतोय. तुम्ही चहा सांगा आणि गाडी खाली उतरवून घ्या.

पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासा. तेवढ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने नळकांड्यावर तारीख आणि मीटरचा आकडाही लिहून टाका. जुने शॉकअप, विशेषतः गॅसचे, पोरांना खेळायला किंवा वेल्डिंग करून पहार बनवायला ठेवू नका. आतला दाब तसाच असतो. माझे जुने लालभडक दोन्ही मिस्त्रींच्या गॅरेजच्या कोपऱ्यात अजून पडलेत. नवं गिऱ्हाईक ‘हेवी ड्युटी’ मागायला लागलं की ते त्यातला फाटक्या बुशचा उचलून त्याच्या हातात देतात.